जार चालला भंडारदऱ्याला

पाथरीत उंच म्हणाव्यात अशा तीनच जागा. पाण्याची टाकी, कालव्याचा भराव आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात साठणारा कापसाचा ढीग. टाकीवर चढायला मनाई, ढिगावर चढलं तर मुनीम हाकलतो, म्हणून आमच्या पोरांचं आजवरचं सगळं गिर्यारोहण कालव्याच्या भरावावर झालेलं. बाकी चहूकडं काळी रानं, तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखी सपाट. जिंतूरकडं गेलं की थोडे डोंगर लागतात, पण त्यांना डोंगर म्हणावं की जमिनीला आलेलं टेंगूळ, यावर जिंतूरकरांचं आणि आमचं अजून जमलेलं नाही.

त्यामुळं सहलीच्या अर्जात 'आपल्याला उंचीची भीती वाटते का?' असा प्रश्न आला तेव्हा आमची पंचाईत झाली. बारापैकी अकरा जणांनी लिहिलं, 'माहीत नाही.' बारावी माझी आई. तिनं विचारलं, "किती उंचीची?"

सहल काढली मेव्हण्यानं. तो परभणीला असतो, रोज जिमला जातो आणि त्याचे फोटो रोज आम्हाला पाठवतो. मे महिन्यात एका दुपारी, पंखा गरम हवा खाली ढकलत होता तेव्हा, त्याचा फोन आला. "दाजी, भंडारदऱ्याला जाऊ. तीन दिवस तंबूत राहायचं. कयाकिंग, रॅपलिंग, रात्री काजवे आणि शेवटी कळसूबाई. लहान गट हाय, फॅमिलीवाला. बाराच्या वर घेत नाहीत."

लहान गट हा शब्द आमच्याकडं नवा. आमच्याकडं साखरपुड्याला 'अगदी घरातलेच' म्हणून जे दीडशे येतात, तो लहान गट. बारा माणसं निवडायची म्हणजे उरलेल्या गल्लीशी वर्षभर वाकडं घ्यायचं. शेवटी आम्ही पाच, मेव्हणा आणि त्याची बायको, शेजारचे इतिहासाचे सर सहकुटुंब तिघं, आणि टीएमसी काका-काकू, असे बारा भरले. ज्यांना सांगितलं नाही, त्यांना लग्नाला चाललोय असं सांगितलं.

टीएमसी काकांबद्दल आधीच सांगायला हवं, कारण पुढं ते सगळीकडं येणार आहेत. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. निवृत्तीनंतरही रोज सकाळी नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पातळी, आवक आणि विसर्ग ते एका लाल वहीत लिहितात. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाढ्याच्या आधी शिकवलंय. काकू म्हणतात, घरात दूध किती आलं आणि चहाला किती गेलं, तेसुद्धा त्याच वहीत असतं.

काकांना काजव्यांचं काही नव्हतं. त्यांना भंडारदरा बघायचा होता. ज्यांचा कालव्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रवरा नदी रतनगडाला उगम पावते, भंडारदऱ्याला अडते, खाली निळवंड्याला पुन्हा अडते, मग अकोले, संगमनेर, नेवासा करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. ते पाणी पैठणला नाथसागरात येतं आणि तिथून २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यानं आमच्याकडं. म्हणजे यायला हवं. नाथसागर १०२ टीएमसीचा. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. पण तो भरायचा कुणी, हे मात्र वरच्या धरणांवर राहिलं. ऑक्टोबरच्या मध्याला नाथसागर ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं असा नियम झालाय. नियम झाल्यापासून तूट आली की वरचे कोर्टात जातात, खालचे रस्त्यावर बसतात, आणि दोघांचा निकाल लागेपर्यंत सोडलेलं थोडं पाणी वाळूत मुरतं.

"कुठं अडवून ठेवलंय ते एकदा डोळ्यानं बघायचंय," काका म्हणाले. "बस्स. मग मेलो तरी चालंल." काकू म्हणाल्या, "तीन दिवसांचे पैसे भरलेत. परत आल्यावर मरा."

आयोजकानं सामानाची यादी पाठवली होती: टॉर्च, टोपी, बूट, माणशी दोन लिटरची बाटली. आईनं यादी वाचून घेतली आणि बाजूला ठेवली. तिच्या यादीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक पायली ज्वारीचं पीठ आणि वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार होते.

"आई, आपण धरणावर चाललोय. धरणावर!"

"धरणात पाणी असतं हे मला नको सांगू," आई म्हणाली. "कालवा बी बघितलाय मी जन्मभर."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मराठवाड्यातला माणूस परगावी जाताना पाण्याबाबत कुणावर विश्वास ठेवत नाही, धरणावर तर मुळीच नाही. जार चढले. काकांनी ते चढताना बघितले आणि वही काढली. आमच्या गल्लीतलं आरओचं पाणी बोअरचं, बोअर चालते ती कालव्याच्या पाझरावर, आणि कालव्यातलं पाणी भंडारदऱ्याचं. "म्हणजे हे पाणी," काका जारावर थाप मारत म्हणाले, "परत चाललंय." त्यांना त्याचं मनापासून वाईट वाटलं.

पहाटे चारला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. ढालेगावच्या पुलावर गोदावरी ओलांडली तेव्हा सगळे जागे होते, माजलगावच्या आत सगळे झोपले, आणि गेवराईला चहा घेताना सर जागे झाले ते पुढं कुणाला झोपू न देण्यासाठीच. शेवगावकडं वळून नगर जिल्ह्याची हद्द लागली, तसा सरांनी घसा साफ केला.

"आता आपण शत्रूच्या मुलखात आलो."

सरांचं भांडण काकांच्यापेक्षा साडेचारशे वर्षांनी जुनं. फिरिश्ता सांगतो की नगरच्या निजामशाहीचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं. त्यातला एक मुलगा बहामनी दरबारात वाढून मलिक हसन झाला आणि त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, निजामशाही काढून अहमदनगर वसवलं. पुढं बुऱ्हाण निजामशहाला वडिलोपार्जित पाथरी हवीशी वाटली. ती होती वऱ्हाडच्या इमादशहाकडं. बुऱ्हाणनं बदल्यात दुसरा परगणा देऊ केला, इमादशहा नाही म्हणाला, आणि १५१८ साली नगरच्या फौजेनं पाथरी घेतली.

"म्हणजे नगरवाले आपलेच?" माझ्या बायकोनं विचारलं.

"आपलेच. म्हणून तर भांडण."

"भावकी म्हणा की सरळ," आई मागून म्हणाली, आणि साडेपाचशे पानांचा विषय दोन शब्दांत मिटला. सर नेवाशापर्यंत गप्प होते.

सरांनी नेवाशाला पैस खांबापाशी पाच मिनिटं थांबायचं ठरवलं होतं, तिथं अर्धा तास गेला, कारण काकांना प्रवरेचं पात्र बघायचं होतं. पात्रात वाळू होती. "बघा," काका म्हणाले, "पुरावा." संगमनेर सोडलं, अकोलं सोडलं, राजूरला पेढे घेतले आणि मग रस्ता वळायला लागला.

सरळ रस्त्यावर वाढलेल्या माणसाला वळण म्हणजे काय ते पोटातून कळतं. तिसऱ्या वळणाला सरांचा मुलगा हिरवा पडला, चौथ्याला मेव्हणा. खिडकीतून थंड वारा यायला लागला. थोरल्यानं डोंगराकडं बोट करून विचारलं, "पप्पा, ह्याच्या पलीकडं काय हाय?" मी म्हणालो, दुसरा डोंगर. "अन् त्याच्या पलीकडं?" त्याला क्षितिज शोधायचं होतं. आमच्याकडं ते कुठूनही दिसतं. इथं कुणीतरी त्याच्या वाटेत डोंगर उभे केले होते.

तंबू पाण्याच्या काठाला होते. आयोजक पंचविशीतला, हसरा, गळ्यात शिट्टी. त्यानं विचारलं कुठून आलात, आम्ही परभणी जिल्हा म्हणालो, आणि तो म्हणाला, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" हे कुणी आणि कधी जोडलं यावर आमच्यात पाच-सहा मतं आहेत, पण परभणीचा माणूस महाराष्ट्रात कुठंही गेला तरी समोरचा हे म्हणतोच, आणि आपण जन्मात पहिल्यांदा ऐकतोय असं हसावं लागतं. आम्ही बाराही जण हसलो. सवय आहे.

खरी परीक्षा आचाऱ्याजवळ होती. तो राहाता तालुक्यातला निघाला. राहाता म्हणजे शिर्डीचा तालुका. पाथरी म्हटल्यावर त्याचा झारा हवेत थांबला. साईबाबांचा जन्म पाथरीचा, ही आमच्याकडची श्रद्धा. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासाला शंभर कोटी देण्याची घोषणा झाली आणि शिर्डीनं १९ तारखेला बंद पाळला, हे दोन्ही गावं विसरलेली नाहीत. पंगतीत सगळे गप्प. आचारी म्हणाला, "पाथरीचे का. बरं." आणि आम्हाला वाढायला लागला. आमटी पातळ आहे असं मेव्हण्याला वाटलं, पण ते त्यानं तंबूत गेल्यावर सांगितलं.

आईनं मात्र जेवण झाल्यावर त्याच्या चुलीजवळ बैठक मारली. त्याच्याकडं नागलीची भाकरी होती, हिच्याकडं ज्वारीचं पीठ. तासाभरानं ती परत आली तेव्हा तिच्या पदरात शेरभर नागली होती आणि आचारी ज्वारीची भाकर थापायला शिकत होता. "बाबाचं काय ठरलं?" मी विचारलं. "बाबा दोघांचा बी हाय," ती म्हणाली. "त्याची आई आजारी असती रे. मी ओवा सांगितला." शिर्डीचा प्रश्न आमच्यापुरता ओव्यावर सुटला. दुसऱ्या दिवशी आमटी घट्ट होती.

कयाक म्हणजे वाटाण्याच्या शेंगेसारखी होडी. दोघांनी पुढं-मागं बसायचं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. बायको पुढं, मी मागं. जीव वाचवायचं केशरी जाकीट माझ्या पोटावर मिटेना, तेव्हा आयोजकानं दोन बंद सोडून दिले आणि "तुम्ही तसेही तरंगाल काका," म्हणाला. मला 'काका' म्हणाला, यानं जास्त लागलं.

"अहो, उजवीकडं घ्या."

"उजवीकडंच मारतोय."

"मग डावीकडं का चाललीय?"

उजवीकडं वल्हवलं की होडी डावीकडं जाते, हे आम्हाला काठावरून ओरडून सांगण्यात आलं. सांगितलं ते दोघांनाही ऐकू गेलं आणि दोघांनी एकाच वेळी बाजू बदलली. लग्नाला सोळा वर्षं झाली. आम्ही एका दिशेनं चाललोय असा माझा समज होता. होडी जागच्या जागी गिरक्या घेत होती. तिसऱ्या गिरकीला धाकटी आणि सरांचा मुलगा आमच्या शेजारून सरळ निघून गेले. धाकटी नऊ वर्षांची. तिनं जाताना हात केला, लाल दिव्याच्या गाडीतून करायचे तसा.

काकांनी वल्हं हातात घेतलंच नाही. त्यांनी ते पाण्यात उभं खुपसलं आणि तळ लागतो का बघितलं. "गाळ," ते म्हणाले, आणि ओल्या हातानं वहीत लिहिलं.

धरणाबद्दल मात्र त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला. दुपारी आम्ही भिंत बघायला गेलो. विल्सन डॅम. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. २७० फूट उंच दगडी भिंत, आणि आज शंभर वर्षांनी तिच्यावर वडाचं रोप शोधूनही सापडत नाही. काका भिंतीसमोर दोन्ही हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले. खात्यातला माणूस खात्याचं काम बघताना उभा राहतो तसे. "दरजा भरल्यात बघा कशा," ते म्हणाले. मग आपण कशासाठी आलोय ते आठवून त्यांनी चेहरा कडक केला.

रॅपलिंग मी दोन वाक्यांत आटोपतो, कारण मेव्हण्याला शब्द दिलाय. कड्यावर कमरेला पट्टे बांधून झाल्यावर त्यानं दोर कोणत्या साली घेतला, कुठून घेतला आणि आजवर त्यावरून सर्वांत जड कोण उतरलं, हे विचारायला घेतलं, आणि हे तिन्ही प्रश्न संपेपर्यंत धाकटी दोनदा उतरून पुन्हा रांगेत आली होती.

रात्री काजव्यांना निघालो. मे संपता संपता, वळवाचा एखादा पाऊस झाला की घाटघर, रतनवाडी, पांजरे, मुरशेत या बाजूला ते दिसायला लागतात आणि मृगानं जोर धरला की संपतात. जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा खेळ. आयोजकानं सूचना दिल्या: टॉर्च नको, मोबाईल नको, अंगाला सेंट नको, बोलायचं नाही. हे अभयारण्य आहे. शेवटची सूचना त्यानं काकांकडं बघत दोनदा सांगितली.

वाट शेतातून होती. पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून चालायचं. एवढा अंधार आम्हाला नवा नव्हता, भारनियमनात आमची एक पिढी मोठी झाली आहे. पण तो अंधार कुणालातरी शिव्या देत घालवायचा असतो. हा गप्प बसून घालवायचा होता. बांधाच्या कडेला एक-दोन ठिणग्या दिसल्या. थोरला कुजबुजला, "पप्पा, डीपी उडाला का?"

मग वळण आलं आणि समोर सादड्याचं झाड होतं.

झाड दिसत नव्हतं. ते विझायचं तेव्हा तिथं काहीच नसायचं, आणि पेटायचं तेव्हा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम. हजारो काजवे, पण एका ठेक्यात. खालची फांदी पेटली की लाट वर जायची, वर पोचली की शेजारच्या हिरड्यावर उडी घ्यायची. आयोजक अगदी हळू सांगत होता की चमकत उडतात ते नर, माद्या खाली गवतात बसून एखाद्यालाच उत्तर देतात. आणि आधी अळी असताना हेच महिनोन्‌महिने गोगलगायी खाऊन जगलेले असतात, पंख फुटल्यावर उरतात फार थोडे दिवस. बारा पाथरीकर एका ओळीत उभे होते आणि कुणीही बोलत नव्हतं. असं आमच्या गल्लीत फक्त निकालाच्या दिवशी, आकडा लागायच्या आधी होतं. आईनं माझा हात धरला होता. ती पडू नये म्हणून की मी पडू नये म्हणून, ते कळलं नाही.

एवढ्यात रस्त्यावरून एक गाडी आली, मोठे दिवे लावून, आत गाणी. दिव्यांचा झोत झाडावरून फिरला आणि झाड विझलं. ते पुन्हा पेटायला बराच वेळ लागला. काका अंधारात पुटपुटले. शब्द सांगण्याजोगा नव्हता, पण त्या क्षणी तो सगळ्यांचा होता.

कळसूबाईला पहाटे तीनला निघालो, ऊन टाळायला. बारी गावातून वाट चढते. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर; आणि आमचा आजवरचा विक्रम कालव्याच्या भरावाचा. पहिल्या चढाला मला माझ्या हृदयाचा आवाज कानात आला, दुसऱ्याला तो सरांनाही ऐकू जात असावा, कारण त्यांनी "थांबायचं का?" विचारलं. आई खालच्या मंदिरापाशीच थांबली. खण-नारळ आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "माझा नमस्कार सांगा. गुडघे कळतील तिला."

आमच्याबरोबर बारीचा एक वाटाड्या होता. पहिल्या शिडीपाशी दम खाताना त्यानं कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कोळ्याची पोर. रानात भटकायची. इंदोर गावात एका घरी कामाला राहिली, पण अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. मालकीण बरेच दिवस अटीनं वागली. एक दिवस पाहुणे आले, काम पडलं, आणि कळसूला भांडी घासायला सांगितली, केर काढायला सांगितला. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि सरळ हा डोंगर चढून वर जाऊन बसली, ती कायमची. जिथं भांडी घासली ते थाळेमेळ, जिथं केर टाकला तो काळदरा.

बायका एकदम गप्प झाल्या. माझी बायको, काकू, सरांची बायको, मेव्हण्याची बायको, चौघी. मग काकू म्हणाल्या, "आणि खाली कुणी बोलवायला आलं नाही?"

"नाही ना."

"बरोबर." त्यांनी पदर खोचला आणि शिडीला हात घातला. त्यानंतर त्या चौघी आम्हाला शिखरावरच भेटल्या. मधल्या वाटेत लोखंडी शिड्यांवरून त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा खाली येत होता. काय बोलत होत्या ते आम्हा चार नवऱ्यांपैकी कुणीही पुढं जाऊन ऐकलं नाही. एक तर दम नव्हता.

काका मात्र चढले. वाटेतल्या प्रत्येक लिंबू सरबताच्या टपरीवर थांबून, 'आवक: एक ग्लास' लिहून, चढले. वर लहानसं देऊळ, भणाणता वारा, अलंग-मदन-कुलंग रांगेनं उभे, आणि खाली लांब तो जलाशय. मे अखेरचा. कडेला मातीचा रुंद पट्टा, मध्ये ताटलीत उरलेल्या आमटीएवढं पाणी.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"एवढंच?"

पूर्ण भरला तर भंडारदरा अकरा टीएमसीचा. हा आकडा त्यांना पाठ होता. असे नऊ भंडारदरे एका नाथसागरात मावतात, हे गणितही त्यांनी स्वतःच कित्येकदा केलं असणार. पण वहीतले अकरा आणि डोळ्यांपुढचं ते पाणी यांचा मेळ बसेना.

"भरलेला बघायचा तर ऑगस्टात या काका," वाटाड्या म्हणाला. "पण तेव्हा इथनं काही दिसत नाही. ढग असतो."

तोच पुढं सहज बोलत राहिला. वर घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, पण कातळ तो. पडला की खाली पळतो, धरणात जातो, आणि धरण गावाच्या खाली. उन्हाळा लागला की वरच्या पाड्यांवरच्या बाया पहाटे हंडे घेऊन झऱ्यावर. त्याची आईही जाते.

काका त्याच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं काका ज्यांना मनात शिव्या घालत आले होते, त्यांच्यातला हा माणूस. हा पाण्याच्या वर राहतो आणि याच्या आईकडं पाणी नाही. काकांनी भांडण करायला तोंड उघडलं, आणि दुसरं काही न सुचून विचारलं, "टँकर येतो का?"

"येतो कधी कधी. ड्रायव्हरचा मूड."

"आमच्याकडं बी तसंच," काका म्हणाले. मग दोघंही एकदम टँकरवाल्याबद्दल बोलायला लागले ते उतरेपर्यंत. काकांना इतकं खुशीत मी निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी भरताना आईला आठवलं: एक जार उरलाय. न उघडलेला. आयोजकाकडचं पाणी गोड निघालं होतं, त्यामुळं तिथं पोचल्यावर आमच्या गल्लीचं कुणी प्यालंच नव्हतं. चालक म्हणाला, ओतून टाका, वजन कशाला. आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो टायर बघायच्या निमित्तानं मागं गेला.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक विहीर होती. तळाशी जेमतेम झिरपा, आणि एक म्हातारी तळात बसून वाटीनं हंडा भरत होती. वाटी बुडवायची, थांबायचं, पाणी जमू द्यायचं, पुन्हा बुडवायची. मेव्हण्यानं खांद्यावर जार घेतला. जिमचा तेवढा उपयोग झाला.

"कुठलं गाव तुमचं?" म्हातारीनं वर येऊन विचारलं.

"पाथरी. परभणीकडलं."

"लांबून आला. तिकडं पाणी हाय का?"

आईनं एकदा काकांकडं बघितलं आणि म्हणाली, "हाय की. तुमच्याकडूनच येतं."

जार हंड्यात उलटा झाला. भक् भक् आवाज करत पाणी उतरलं. म्हातारीनं ओंजळभर पिऊन बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मचूळ हाय."

काका गाडीच्या पायरीवर बसून वही काढत होते. तारीख घातली. 'आवक' या रकान्यात काही लिहिलं नाही. 'विसर्ग' या रकान्यात लिहिलं, वीस लिटर. मग 'कोठून' आणि 'कोठे' हे छापील शब्द खोडून त्यांची अदलाबदल केली, आणि शेऱ्याच्या जागी, मोठ्या अक्षरात: 'चव मचूळ. तक्रार प्राप्त.'